एवढं एक हू दे

खोली बघ की, जुईली का काय नाव म्हनलीस ते, नीट बघ. न्हानी आत हाय, टाकी वर हाय, खिडकी पूर्वंला हाय. पन भितीवरचे अंड्याचे ट्रे काढायचे न्हाईत, ह्ये आदीच सांगते. तुज्या आदी बी पोरी आल्या, नाकं मुरडून गेल्या. 'काकू, हे काढून रंग मारून देता का?' म्हनलं, दुसरीकडं बघा. ह्या मान गावात खोल्यांना काय तोटा न्हाई, ज्याच्या त्याच्या रानात आता भात सोडून खोल्याच उगवल्यात.

हसतीस कशाला? कोंबड्या न्हाई पाळल्या हितं. ह्ये ट्रे माज्या ल्योकानं लावलेत, दिग्विजयनं. वसरीला फोटो हाय न्हवं, केस वाढवलेला, हार घातलेला, त्यो. बस हितं पायरीवर. तू इचारलंस म्हनून सांगते, न्हाईतर मी कुनाम्होरं तोंड उघडत न्हाई.

दिग्याला पुन्याला धाडला व्हता इंजिनेर व्हायला, त्यो गिटार घिऊन परत आला. चौघा पोरांचा बँड व्हता. लग्नातला बँड न्हवं, बाई, त्याला निदान टोप्या तरी असत्यात. ह्यांच्या गुडघ्यावर फाटक्या प्यांटी आन् नुसतं वरडनं. रॉक म्हनत्यात म्हनं त्याला. एकदा सायलीला, म्हंजी माज्या धाकटीला, संगट घिऊन कॉलेजात ऐकाया गेले. माज्या छातीत धडधडाया लागलं. म्हनलं, सायले, ह्येला गानं म्हनत्यात व्हय? कोंबडं धरल्यावर वरडतंय ती तऱ्हा! पन खाली शेकड्यानं पोरं येड्यावानी नाचत व्हती, दिग्याचं नाव घिऊन वरडत व्हती. मंग मी बी गप बसले. आपल्या पोराचं नाव चार लोक वरडाया लागले की आईला बाकी काय ऐकू येत न्हाई.

पुढं त्यातला एक गेला अमेरिकेला, एक बेंगलोरला, एकाला सासऱ्यानं धंद्यात बसवलं. ह्यो एकटा उरला. इंजिनेरी बी अर्ध्यात टाकलेली. भावकी काय सोडतीय व्हय? आमचा दीर कोंडाजी, शेजारचं खाचर त्येचंच, रोज येऊन म्हनायचा, "वैनी, दिग्विजयला हिंजवडीत कुटंतरी चिकटवा की." म्हनलं, त्यो काय टपालाचं तिकीट हाय का चिकटवाया? कोंडाजीच्या तोंडावर मी असं बोलायचे, आन् आत येऊन दिग्यालाच शिव्या घालायचे. आईला दोन्ही करावं लागतंय.

तर त्या सुमाराला, दोन हजार चार असंल, त्यो मला म्हनला, "आये, पाच नंबरची खोली मला दे. मी एकट्याच्या गान्यांची शीडी काढनार हाय."

म्हनलं, "कंपनी कुठली?"

"कुठली कंपनी घेतीय माझं? मीच गानार, मीच छापनार, मीच इकनार."

ह्योच बाजा आन् ह्योच वाजंत्री. म्हनलं, घे बाबा, ती खोली एक ऱ्हायली काय आन् गेली काय.

आमचं मालक, वाल्मीकराव, त्ये बघ तितं गाडी पुसत उभं हायेत, त्ये एका शब्दानं बोललं न्हाईत. त्यांचा सोभावच तसा. जमीन कंपन्यांना गेली तवा बी बोललं न्हाईत. सही केली, घरी आलं, म्हशीला पानी दावलं. पोराच्या गान्याला कंदी बरं म्हनलं न्हाईत, वाईट बी म्हनलं न्हाईत. दिग्याला त्येच लई लागायचं. मला म्हनायचा, "आये, आबांनी निदान शिव्या तरी द्याव्यात गं." मी म्हनायचे, माज्या घे की, माज्याकडं रग्गड हायेत.

ह्ये ट्रे मुठ्याच्या खोऱ्यातनं आनले. तितं त्याच्या दोस्ताचं पोल्ट्रीचं शेड हाय. टेम्पो भरून आनले आन् खळीनं चिटकवले. खोलीत आवाज घुमत न्हाई म्हनं त्यांनी. वास मातूर घुमला, पार दिवाळीपातूर खुराड्यागत वास. सहा नंबरात रोहित म्हनून भाडेकरू व्हता, परभनीकडचा, कंपनीत कामाला. त्यो कॉम्प्युटरात ढोल वाजवायचा. खरा ढोल न्हवताच, नुसत्या बोटांनी टिकटिक, आन् आत धडामधूम. दोघं दार लावून बसायची.

दोन वर्सं चाललं बघ ते. कारन काय, तर आजूबाजूचं जग गप बसंल तवाच ह्यांचं काम व्हायचं. ह्या रस्त्यानं मुरमाचे डंपर जायचे, एक गेला की दुसरा. वर पान्याची मोटार. मी मोटार लावली की ह्यो दार उघडून वरडायचा, "आये, मोटार बंद!" मोटार बंद म्हंजी टाकी रिकामी, टाकी रिकामी म्हंजी भाडेकरू माज्या डोस्क्यावर. त्या शीडीपाई ह्या चाळीनं दोन वर्सं आंगुळीचं पानी बेतानं वापरलंय. सोपं न्हाई ते.

एक दिस दुपारची मी जेवाय वाढून बसले. घरात दुसरं कोन न्हाई. सायली कॉलेजला, मालक पौडाला तहसीलीत गेल्यालं. दिग्याला दोनदा हाक मारली, तीनदा मारली. माजा गेला तोल. दार वाईच उघडंच ऱ्हायलं व्हतं, मी अंगनातनं वरडले, "दिग्याऽऽ, ये रं मुडद्या! गार झालं समदं! किती येळ वाट बघू तुजी?"

आतनं आवाज आला, "आलो गं आये, एवढं एक हू दे."

मंग आला, जेवला, गेला. मी इसरून बी गेले. थोड्या दिसांनी त्यानं मला खोलीत बोलावलं, कानाला त्ये डबडं लावलं आन् म्हनला, ऐक. शेवटचं गानं व्हतं. बाकीची मला कळत न्हवती, ह्ये कळलं. 'खाचरात उगवली काच, काचेत मला मीच दिसेना' असं कायतरी. आमच्याच रानाचं. आता तितं काचेची कंपनी उभी हाय, तुजी कंपनी बी त्याच आंगाला असंल. वरडत न्हवता त्यात, आपलं हळू म्हनत व्हता. आन् गिटार थांबली, आन् एकदम माज्या कानात मीच! "दिग्याऽऽ, ये रं मुडद्या!" मी दचकून त्ये डबडं फेकलं. दोघं हसून हसून खाली बसली.

म्हनलं, "काढून टाक त्ये. गावात इज्जत घालवतुयास व्हय माजी? लोकं हसत्याल."

"हसू देत की. ह्याच्यावरच शीडी संपनार हाय. तू वरडतीस, मी आलो म्हनतो, संपलं. समद्या शीडीत खरं तेवढंच हाय, आये."

मी पाठीत धपाटा घातला. पन खरं सांगू का, बाई, मला बरं वाटलं. माज्या जल्मात माजा आवाज कुनी जपून ठेवला न्हवता.

शीडीचं नाव त्यानं ठेवलं 'पाच नंबरची खोली'. वरच्या कागदावर ह्या भितीचाच फोटो. दोन हजार सहाचा दसरा झाला आन् त्यो छापल्याली खोकी आनाया पुन्याला गेला. एक खोकं फटफटीच्या टाकीवर, एक मागं बांधल्यालं. म्हनलं, रोहितची सुट्टी असंल तवा जा, दोघं जा. म्हनला, "आये, दोन वर्सं थांबलोय, आज न्हाई थांबवत." येताना वळनावर डंपर आला. लोकं म्हनत्यात जागच्या जागी गेला, त्याला काय कळलं बी नसंल. मी त्येच खरं धरते.

आन् खोकी? खोकी शाबूत. पोलिसांनी घरी आनून ठेवली, एका शीडीला चरा न्हाई. मला त्या खोक्यांचा असा राग आला, वाटलं चुलीत घालावी समदी.

दहाव्याला नदीवर झाडून गाव जमला. तरनाताटा गेल्याला, त्यात इलेक्शन जवळ, मंग काय, पुढारी माईक हातातनं सोडंनात. 'उमदा कलाकार' म्हनत व्हते. त्यातल्या एकानं बी त्याचं गानं ऐकल्यालं न्हवतं. मंग पिंड ठेवला. तुला ठावं हाय न्हवं, कावळा शिवला की जीव सुटला. न्हाई शिवला तर गेलेल्याचं कायतरी मनात ऱ्हायलंय, ते वळखायचं आन् कबूल करायचं. उंबरावर कावळे व्हते, पन एक खाली यीना. कोंडाजी म्होरं झाला, हात जोडून म्हनला, "दिग्या, सायलीचं लगीन झोकात करू, काळजी सोड." न्हाई. माजा भाऊ म्हनला, "आईबापाला आमी बघू." न्हाई. कुनी म्हनलं, लग्नाचं ऱ्हायलं त्याच्या, तेच असंल. ऊन चढलं, मानसं घड्याळं बघाया लागली.

मला ठावं व्हतं काय ऱ्हायलंय ते. मी उठले. बाया मला बस बस म्हनत व्हत्या. मी पिंडाजवळ गेले आन् म्हनलं, "दिग्या, तुजी शीडी मी घरोघरी पोचवीन. मानातलं एक घर सोडायची न्हाई. जा आता."

माजं बोलून हुतंय न हुतंय तंवर कावळा खाली. शिवला. समद्यांनी 'सुटला, सुटला' केलं. मी खालीच बसले तितं वाळूत. तवापासनं मला त्यो शब्द गळ्यात धोंडा बांधल्यावानी व्हता.

आमच्याकडं तेराव्याला आल्या-गेल्याच्या हातात कायतरी द्यायची रीत पडलीय. कोन स्टीलचं ताट देतंय, कोन झाडाचं रोप. मी म्हनलं, शीडी द्यायची. रोहित आडवा आला. "काकू, हे नका करू. पुण्यामुंबईत असली गाणी ऐकणारी पोरं आहेत. मी दुकानांत ठेवतो, इंटरनेटवर टाकतो. इथं तेराव्याला नका वाटू."

मी त्याच्यावर अशी उखडले! म्हनलं, का रं, आमी मानसं न्हाई व्हय? त्याचं गाव ऐकायचं न्हाई तर कोन ऐकायचं? मी कावळ्याम्होरं बोललीय.  बिचाऱ्यानं आपल्यापुरती एक घेतली. पुढं त्याची बदली झाली, जाताना गळ्यात पडून रडला. चांगला व्हता पोरगा.

मांडवाच्या तोंडाशी मालक उभं ऱ्हायलं आन् खाली मान घालून एकेकाच्या हातात शीडी देत गेलं. जे आलं न्हाईत त्यांच्या घरी मी सोता गेले. पार शेजारच्या जांबे गावापातूर गेले. दोन्ही खोकी रिकामी केली.

आन् मंग मी वाट बघत बसले. कशाची म्हनशील? कुनीतरी हसत यायची. शीडी ऐकली की शेवटाला मी हायेच न्हवं. म्हंजी ज्यानं ऐकली त्यो मला बोलल्याबिगर ऱ्हायचा न्हाई. 'रत्नाबाई, काय वरडता ओ पोरावर!' असं एकानं जरी म्हनलं असतं ना, त्याच्या पाया पडले असते. गिरनीत थांबायचे, दुधाच्या डेरीवर उगंच रेंगाळायचे, लोकांच्या तोंडाकडं बघायचे. हसा की मेल्यांनो, हसा माज्यावर. एक हसलं न्हाई.

शेवटी तोंडानं इचाराया लागले. गोजराबाईला म्हनलं, त्या वरच्या आळीच्या, "ऐकली का गं शीडी?"

"ऐकली की. लई ग्वाड गळा. अभंग तर काय म्हनलेत!"

अभंग! दिग्यानं जल्मात अभंग म्हनला न्हाई. म्हनलं, "आन् शेवटाला काय हाय गं?"

"शेवटाला... आरती हाय न्हवं."

मी म्होरल्या घरी गेले. कुनी म्हनलं मशीन बिघडलंय, कुनी म्हनलं नातवानं कुटं टाकली कुनास ठावं, आन् बाकीच्यांनी 'लई छान, लई छान'. समदी खोटारडी. मनात म्हनायचे, घोड्यांनो, शिव्या घातल्या असत्या त्या गान्याला तरी मला पटलं असतं.

घरात बी तीच तऱ्हा. सायलीला लाव म्हनलं की ती हातपाय गाळून रडत बसायची. मला त्ये मशीन लावता येत न्हाई, आन् मला काय लावायची गरज? भितीपलीकडनं दोन वर्सं ऐकल्यालं, समदं पाठ. मालक तर घरात थांबंनात. सांज झाली की गाडीत जाऊन बसायचं, काचा वर. कुटं जायचं न्हाई, यायचं न्हाई, दारातच गाडी उभी, आन् आत हे. पैल्यांदा वाटलं घेत असत्याल. तोंडाचा वास घेतला, तसलं काय न्हवतं. मंग वाटलं, माजं तोंड बघवंना झालंय. म्हनलं, ऱ्हावा. मला तरी कुटं तुमचं बघवतंय?

असं करत वरीस गेलं. भात पोटरीतनं भाईर पडला, दाना भरला, पाखरांचे थवे उतराया लागले. एक दिस सकाळी मी खालच्या खाचराला गेले, आन् डोळ्यावर तिरीप आली. बघते तर कोंडाजीच्या भातावर दोऱ्या बांधल्यात, आन् दोऱ्यांना शीड्या लटकवल्यात. वाऱ्यानं फिरत्यात आन् लकाकत्यात. जवळ गेले. एकीवर चिखल उडाला व्हता. पदरानं पुसलं. 'पाच नंबरची खोली'.

मी काय काय बोलले त्ये तुज्यासारख्या पोरीला सांगत न्हाई. कोंडाजी बांधावर उभा ऱ्हाऊन ऐकत व्हता. मंग म्हनला, "वैनी, टाकून तर दिल्या न्हाईत? कामाला लावल्यात. पाखरू यीना बघा एक. वरच्या आळीच्या बी मागून आनल्यात."

"घरात का न्हाई ठेवल्या? एकदा वाजवाया काय झालं व्हतं तुला? चुलता हाईस त्याचा!"

त्यानं खाली बघितलं. मंग म्हनला, "वैनी, राग नका मानू. तेराव्याला दिलेली वस्तू ती. मेल्या मानसाचा आवाज घरात कसा लावायचा? ल्हान लेकरं हायेत आमची. कुनीच न्हाई लावली, खरं सांगतो. टाकवत बी न्हाई आन् ठेववत बी न्हाई. म्हनून रानात."

मला खाडकन कानफटात बसल्यागत झालं. एका घरात न्हाई, दोन घरात न्हाई, गावात कुनीच न्हाई. आन् त्यास्नी तरी काय म्हनू? माज्या बापानं तेराव्यावरनं असला कुनाचा आवाज आनला असता तर माज्या आयेनं उंबऱ्याभाईर ठेवला असता. रोहित मला सांगत व्हता. त्याला आमची रीत ठावं न्हवती, पन वाटू नका म्हनत व्हता.

वरसाच्या सरादाला मालक म्हनलं, नदीवर नको, आपल्या ऱ्हायलेल्या खाचरात करू, दिग्या तितं हिंडायचा. बंडोपंत भटजी आले, भावकी आली, निम्मा गाव आला. घास ठेवला. अंडा-भाकरी त्याला आवडायची, भटजी नको म्हनत असताना त्ये बी एका पानावर ठेवलं. आन् शेजारी कोंडाजीच्या भातावर त्या शीड्या गरागरा फिरत व्हत्या. मी आदल्या दिशी कोंडाजीला म्हनलं व्हतं, आजच्यापुरत्या काढ. म्हनला, काढतो. काढल्या न्हाईत. भात काढनीला आल्याला, एका दिसात पाखरं फडशा पाडत्यात, त्याचं बी खरं व्हतं.

कावळे व्हते, पार तिकडं इजेच्या तारंवर. हिकडं यायचे, लकाकलं की माघारी वळायचे. फिरून यायचे, फिरून माघारी. माज्या ल्योकाची शीडी माज्या ल्योकाचा घास शिवू दीना. बघत बसलो समदी. कोन काय कबूल करंना, कबूल करायला ऱ्हायलंच काय व्हतं? मी घरोघरी पोचवीन म्हनले व्हते आन् पोचवली व्हती.

बंडोपंत म्हनले, "रत्नाबाई, उशीर होतोय. दर्भाचा कावळा करू, चालतं शास्त्रात."

 मी उठले, पदर खोचला, आन् त्या तारंकडं तोंड करून, हुती न्हवती ती ताकद लावून वरडले, "दिग्याऽऽ, ये रं मुडद्या! गार झालं समदं! किती येळ वाट बघू तुजी?"

 मी मागं वळून एकेकाचं तोंड बघितलं. त्यातल्या निम्म्यांच्या हातात माजा त्यो आवाज दिल्याला, बाई, निम्म्यांच्या. एकाच्या डोळ्यात वळख न्हाई. बाया पदर तोंडाला लावून एकमेकींकडं बघाया लागल्या. गोजराबाई माजा दंड धरून म्हनली, "डोस्कं फिरलं गं बाईचं. पानी द्या कुनीतरी." लाज न्हाई वाटली मला. एवढं एकटं मातूर त्याच्या मरनादिशी बी वाटलं न्हवतं.

आन् मागनं आवाज आला, "आलो गं आये, एवढं एक हू दे."

मी गर्रकन वळले. मालक व्हतं. पानाम्होरं बसल्यालं, ओलं धोतर, बोटांना भात चिकटल्याला. दिग्या म्हनला व्हता ना, डिट्टो तसंच. 'एवढं'वर वाईच थांबून, शेवटाला हसल्यागत. त्यो दिग्या बोलला तवा मालक पौडाला व्हतं. त्यास्नी त्ये ठावं असायचं कारनच न्हाई, शीडी शेवटापातूर ऐकल्याबिगर.

त्याच घडीला मला ती गाडी कळली. दारातली गाडी, आतलं शीडीचं मशीन, वर केलेल्या काचा, सांजच्या सांज.

मला रडू फुटलं आन् राग बी आला. समद्या गावाम्होरं म्हनलं, "वरीसभर एकट्यानं ऐकलंत व्हय? मला सांगायला जीभ झडली व्हती? मी दारोदार भिकारनीवानी इचारत हिंडले, ऐकली का, ऐकली का!"

त्ये उठलं न्हाईत. हाताचा भात पानात झाडत म्हनलं, "चांगलं गात व्हतं पोरगं." मंग म्हनलं, "त्याला सांगायचं ऱ्हायलं."

दिग्याच्या मनातलं काय ऱ्हायलंय त्ये गावानं बी वळखलं न्हवतं आन् मी बी न्हाई. माजंच मला वाटत व्हतं घरोघरी, घरोघरी. त्याला एकाच मानसानं ऐकायला पायजे व्हतं. आन् त्या मानसानं ऐकलं, पन पोरगा गेल्यावर.

कावळा काय आला न्हाई. बंडोपंतांनी दर्भाचा केला आन् घासाला लावला. मी म्हनलं, लावा. आता कुनाला काय फसवायचंय?

त्यालाबी आता तीन वर्सं व्हत आली. काही जनांच्या रानात त्या शीड्या अजून हायेत. तुज्या ह्या खिडकीतनं दुपारच्या लकाकताना दिसत्याल, तर पडदा लावून घे. ट्रे काढायचे न्हाईत. सांजच्याला आमी दोघं त्या गाडीत बसतो. काचा वर असत्यात. माजा वरडल्याचा आवाज आला तर समजायचं संपत आलंय, मंग मी येतेच भाईर. तवर पान्याचं, लाइटीचं काय असंल तर दम धरायचा, काच वाजवायची न्हाई. बाकी तुजी मर्जी. घेतीस का खोली?